'ध' चा 'मा'

नरकचतुर्दशीच्या पहाटे ऊन ऊन पाणी अंगावर घेऊन मी न्हाणीघराबाहेर आलो, की सर्वांगाला अशी काही खाज सुटे की फराळाचे ताट सोडून मी भिंतीचा कोपरा शोधू लागे! पहिल्या वर्षी दोष उटण्यावर गेला, दुसऱ्या वर्षी तेलावर आणि तिसऱ्या वर्षी नळाच्या पाण्यावर.

रक्तावर संशय घ्यावा असे कुणाच्या मनातही आले नाही. येणार तरी कसे? आपल्या घरांतून रक्ताची एकच तक्रार ठाऊक असते, ते कमी असल्याची. त्या धास्तीने आमच्या सौभाग्यवतीने तीस वर्षे मला बीट, खजूर आणि अळिवाचे लाडू खाऊ घातले. माझ्या गालांवर अलीकडे चढलेली लाली तिला त्या लाडवांची पावतीच वाटे.

गेल्या पावसाळ्यात डोके सारखे दुखू लागले म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले १९! परीक्षेत पहिला आल्याच्या थाटात मी तो कागद डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला रक्तविकारतज्ज्ञांकडे धाडले. तेथे नाव कळले : पॉलिसायथेमिया व्हेरा. १८९२ साली पॅरिसच्या व्हाकेझ नावाच्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन करून ठेवले आहे. "रक्ताच्या कर्करोगांतलाच हा, पण संथ चालीचा," तज्ज्ञ म्हणाले. त्या वाक्यातला 'पण' मला घरी पोचेपर्यंत ऐकूच आला नाही.

पुढे वाचून थोडे समजले ते असे. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत मूळ पेशी असतात आणि त्यांच्या वंशातून सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. हा कारखाना मागणीप्रमाणे चालतो. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचा निरोप्या रक्तात सोडतात. तो मज्जेतल्या पेशीच्या दारावर थाप मारतो. दाराच्या आतल्या अंगाला जॅक-२ नावाचे प्रथिन बसलेले असते. ते जागे होते आणि "वाढा" हा हुकूम आत पोचवते. थाप नसेल तेव्हा त्याने गप्प राहावे म्हणून त्याचाच एक भाग दुसऱ्याला आवरून धरतो. या जोडभागांमुळे त्याला जेनस या दोन तोंडांच्या रोमन द्वारदेवतेचे नाव मिळाले.

२००५ साली संशोधकांच्या निरनिराळ्या गटांना एकाच सुमारास आढळले, की या आजाराच्या शंभरातल्या सुमारे ९५ रुग्णांत जॅक-२च्या ६१७व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलनिन बसलेले असते. जनुकाच्या मजकुरातले एक अक्षर बदललेले, एवढेच! पण आवर सुटतो. थाप नसतानाही हुकूम सुटतच राहतात. मूत्रपिंडे बिचारी निरोप धाडणे जवळजवळ बंद करतात, तरी कारखाना थांबत नाही. आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले की नाही यावर इतिहासकार खुशाल वाद घालोत. माझ्या मज्जेत 'ध'चा 'मा' झाल्याचा प्रयोगशाळेचा कागद माझ्या कपाटात आहे.

तो कागद मी दोन दिवस लपवला. तिसऱ्या दिवशी तो तिच्या हाती लागला. रडेल असे वाटले होते. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली, "माझ्या लाडवांनी झालं का हो हे?"

पुढच्या खेपेस तिने डॉक्टरांनाही तेच विचारले. ते म्हणाले, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. हा बदल निदानाच्या कित्येक वर्षे आधी एखाद्या मूळ पेशीत होतो, काहींच्या बाबतीत तर अगदी बालपणी.

"म्हणजे लग्नाच्या आधीच?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. जणू स्थळ दाखवताना आमच्या मंडळींनी ही गोष्ट दडवली होती!

दाट रक्तात गुठळी होण्याचे भय, म्हणून रोज अ‍ॅस्पिरिनची बारीक गोळी घेतो आणि अधूनमधून रक्त काढून टाकावे लागते. रक्तातला पेशींचा वाटा शंभरात ४५च्या खाली ठेवायचा. काही रुग्णांची मज्जा पुढे राठ होते, क्वचित् तीव्र कर्करोगही उद्भवतो, हे मी वाचले आहे. तिनेही वाचले असावे, कारण पुस्तकातली खूण हललेली होती. आम्ही त्यावर बोललेलो नाही. जॅकला आवरणाऱ्या गोळ्याही आता निघाल्या आहेत. माझ्यावर अजून ती पाळी आलेली नाही.

भरलेली पिशवी फेकून देतात हे मात्र तिला अजून सोसत नाही. "एवढं चांगलं लाल रक्त!" असे ती दर खेपेला पुटपुटते.

लोह वाढू द्यायचे नाही, तेव्हा अळिवाचा डबा यंदा शेजारी गेला. काल तिने मला बजावून ठेवले आहे, "पहाटे सगळ्यांत शेवटी जा हो न्हायला. तोवर बंबातलं पाणी निवेल."