मॅगकडचा ओला प्लग

प्लग ओला निघाला म्हणजे पेट्रोल आलंय, एवढंच कळतं. ते कुठल्या वाटेनं आलं हे प्लग सांगत नाही, आणि माझं सगळं काम त्या वाटेशी आहे. इतकी वर्षं ही वाट मी नाकानं शोधत आलो. २०२०च्या डिसेंबरात कोविड झाला. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. आता कॉफी, कांद्याची फोडणी आणि पेट्रोल या तिन्हींतून एकच करपट काहीतरी येतं, तेही कधीमधी. जेवणाच्या ताटावर मी याची सवय करून घेतली. दुरुस्तीच्या शेडमध्ये ती होत नाही.

मी राहतो ते कीविनॉ म्हणजे मिशिगनच्या उत्तर टोकाला सुपीरिअर सरोवरात घुसलेलं द्वीपकल्प. सरोवरावरून येणारं वारं थांबेपर्यंत बर्फ थांबत नाही. १९७८-७९च्या हिवाळ्यात इथं ३९० इंच पडला होता, त्याची उंची दाखवणारी पट्टी महामार्गाच्या कडेला उभी आहे. होटन आणि हँकॉक या दोन गावांमधल्या उचलत्या पुलाचा खालचा मजला हिवाळ्यात स्नोमोबाइलींसाठी असतो. मी इथल्या विद्यापीठात शिकायला आलो आणि राहिलो. राज्याच्या स्नोमोबाइल वाटा १ डिसेंबरला उघडतात, त्यामुळे एप्रिलपासून गोठ्यात, गॅरेजात, ताडपत्रीखाली पडलेल्या सगळ्या गाड्या नोव्हेंबरच्या शेवटी एकदमच बाहेर निघतात. त्यांतल्या निम्म्या तरी दोरी ओढून ओढून ओव्हर केलेल्या, म्हणजे पेट्रोलनं बुडवलेल्या असतात, आणि मग माझ्याकडे येतात.

ओव्हर झालेली गाडी मोकळी करणं हे काम नाही. प्लग काढा, टोप्या अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण दाबून दोरी ओढा. हे इथला शाळकरी पोरगाही करतो. काम त्यानंतरचं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल सिलिंडरात साचण्याआधी खाली क्रँककेसमध्ये साचतं. वरचा प्लग पुसून कोरडा केला तरी खालचं तळं तसंच राहतं आणि दहा ओढींनंतर प्लग पुन्हा ओला. ते तळं भरलं कसं, याची उत्तरं फार नाहीत. फ्लोटच्या नीडलखाली कचरा अडकला असेल. किंवा पायलट जेट उन्हाळ्यात चिकटून बंद झाला असेल आणि गाडी घेत नाही म्हणून मालकानं चोक ओढून ठेवला असेल. म्हणजे मुळात पेट्रोल कमी पडत होतं आणि प्लगवर दिसतंय जास्त. या दोन्ही गोष्टी कार्बोरेटर उघडला की सापडतात. मला छळणारी गोष्ट तिसरी आहे.

या गाड्यांचा फ्युएल पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो. पिस्टन खालीवर होतो, क्रँककेसमधली हवा दबते आणि सुटते, ते ठोके एका बारीक नळीतून पंपाच्या पडद्यापर्यंत जातात आणि पडदा हलून पेट्रोल ओढतो. पडद्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला पेट्रोल. उन्हाळ्यात पडदा वाळतो, कडक होतो, इथल्या पेट्रोलमधलं दहा टक्के इथेनॉल त्याला जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर संपवतं, आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. मग ठोक्यांच्या त्याच नळीतून पेट्रोल उलटं क्रँककेसमध्ये शोषलं जातं. कार्बोरेटर वगळून, फ्लोट वगळून, जेट वगळून. नळी ज्या सिलिंडरच्या क्रँककेसला जोडलेली, तेवढाच सिलिंडर बुडतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो मॅगकडचा, म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचा असतो. क्लचकडचा ठणठणीत राहतो.

आणि पंप चालूच असतो! छिद्र असूनही कार्बोरेटरला पुरेल एवढं पेट्रोल तो देतो. म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. लोक मॅगकडचा कार्बोरेटर काढतात, धुतात, नीडल बदलतात, दोन्ही कार्बोरेटरांची अदलाबदल करतात, कॉइल बदलतात, शेवटी गाडी विकतात. अशी विकलेली गाडी स्वस्तात घेऊन पडदा बदलून वर्षानुवर्षं चालवणारे दोघं माझ्या ओळखीचे आहेत.

पुस्तकी तपासणी सोपी आहे. ठोक्यांची नळी पंपावरून काढा, आतून पेट्रोल निघालं तर पडदा फाटला. पण एप्रिलमध्ये गाडी बंद करताना जाणता माणूस इंजिनात फॉगिंग ऑइल मारतो, धूर काढत इंजिन बंद पडेपर्यंत. ते तेल क्रँककेसमधून नळीतही शिरतं. म्हणजे नोव्हेंबरात चांगल्या पडद्याचीही नळी ओली असते. आत चमकतंय ते तेल, की पेट्रोल, की तेलात मिसळलेलं थोडं पेट्रोल? इथं मला नाक लागायचं. त्यातही बारकावा होता. फ्लोटच्या वाटीत उन्हाळा काढलेलं पेट्रोल आंबट, जुन्या व्हार्निशसारखं येतं. मालकानं कालच टाकीत ओतलेलं तिखट, डोळ्यात चढणारं येतं. वाटी आंबट आणि प्लग तिखट असेल, तर ते पेट्रोल वाटीतून आलेलंच नाही. टाकीतून सरळ पंप, पंपातून नळी, नळीतून क्रँककेस. प्लग हातात आल्या आल्या मी हे सांगायचो, कार्बोरेटरला हातही न लावता.

याचा मला गर्व होता आणि तो मी लपवला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या काकांच्या गॅरेजात मी आरएक्स१०० आणि येझदीवर हात बसवला, आणि काका प्लग काढला की आधी नाकाशी न्यायचे. तिथं प्रश्न उलटा असायचा. चेतक आडवी करायची ती पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचावं म्हणून. इथं जन्म गेला ते बाहेर काढण्यात. पण नाक तेच होतं. इथल्या शेडमध्ये लोक उभे राहून बघायचे, कुणी पाहुण्यालाही घेऊन यायचा, की हा भारतीय माणूस वासावरून सांगतो. निदान बरोबर आल्यापेक्षा ते बघायला माणसं उभी आहेत याचं सुख मला जास्त होतं. आजही गिऱ्हाईक समोर असलं की मी प्लग नाकाशी नेतो आणि क्षणभर थांबतो. काहीच येत नाही. तरी थांबतो. त्या थांबण्याला लोक अजून मान देतात आणि तो मान मला सोडवत नाही.

आता मी बोटावर आणि कागदावर आलो आहे. नळीतला थेंब दोन बोटांत घ्यायचा. पेट्रोल असेल तर बोट गार पडतं आणि कोरडं होतं, शून्याखालच्या थंडीतसुद्धा. तेल बुळबुळीत राहतं. पण साठीनंतर थंडीत बोटांची टोकं बधिर होतात आणि गार पडलेलं कळायलाही बोट आधी ऊबदार असावं लागतं. म्हणून कॉफी गाळायचा कागद. थेंब टाकायचा आणि स्टोव्हपासून लांब, खिडकीपाशी ठेवायचा. पेट्रोल उडून जातं, तेलाचा पारदर्शक डाग उरतो. दोन्ही मिसळलेलं असेल तर डाग आधी मोठा पसरतो आणि कडेनं आत वाळत येतो. जुन्या, टाकीतच तेल मिसळायच्या गाड्यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथं पेट्रोलही तेलकटच. तिथं मी अडतो. आणि मग हाक मारतो.

हाक मारायला एक मुलगी आहे, तिसरा हिवाळा शिकायला येते. फिनिश वंशाची, इथल्याच तांब्याच्या खाणींवर जगलेल्या घराण्यातली. तिचं नाक माझ्या तरुणपणीच्या नाकापेक्षा चांगलं आहे. हे मला पहिल्याच नोव्हेंबरात कळलं आणि आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिला माझी अडचण मी सांगितली नव्हती, तिनंच ओळखली. गिऱ्हाईक असताना ती माझ्या हातून प्लग घेते, पुसायच्या निमित्तानं मान वळवून वास घेते आणि जाताना हलकेच म्हणते, ‘टाकीतलं’ किंवा ‘वाटीतलं’. मग मी गिऱ्हाइकाला सांगतो. याला काय म्हणावं मला ठरवता येत नाही, पण निदान चुकत नाही.

गावातल्या मोठ्या दुकानाशी माझं भांडण जुनं आहे. तिथं ओला प्लग दिसला की कार्बोरेटरचं किट, प्लगांची जोडी आणि तासांचं बिल. शोधणं नाहीच, बदलणं. त्याहून मला राग येतो तो इथरचा फवारा मारणाऱ्यांचा. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबर मिळतं. कोरड्या बेअरिंगवर इथरचा भडका उडवून गाडी चालू करणं याला मी दुरुस्ती मानत नाही. नव्या गाड्यांचं म्हणाल तर त्यांत कार्बोरेटरच नाही. स्की-डूच्या ई-टेक इंजिनाला उन्हाळ्यापूर्वी एका बटणावर स्वतःच स्वतःला तेल पाजता येतं. त्या चांगल्या आहेत, हे मी मानतो. पण ज्या यामाहानं मला कोल्हापुरात टू-स्ट्रोक शिकवलं, तिनं २०२३मध्ये स्नोमोबाइलच बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मी दिवसभर पाना हातात घेतला नाही.

आता त्या मुलीचा आग्रह आहे की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीचा पडदा शरद ऋतूत सरसकट बदलून टाकावा. किट महाग नाही, काम अर्ध्या तासाचं, आणि मग वास, बोट, कागद कशाचीच गरज नाही. तिच्या हिशेबात खोट काढता येत नाही. तरी शाबूत पडदा फेकायला माझा हात जात नाही. मी तो काढतो, ताणतो, दिव्यासमोर धरतो, प्रकाशाचा ठिपका दिसतो का बघतो आणि नाही दिसला तर परत बसवतो. ती म्हणते, गिऱ्हाइकाचा शनिवार तुमच्या कुतूहलापेक्षा महत्त्वाचा. यंदा तिनं मला न विचारता किटांचं खोकं मागवलं आणि फळीवर ठेवलं. लोकांच्या गाड्यांना वापर, असं मी तिला सांगितलंय. माझ्या स्वतःच्या १९९५च्या इंडी गाडीला मात्र हात लावायचा नाही. त्या गाडीचा पडदा मूळचाच आहे, या शरदातही दिव्यासमोर घट्ट निघाला, आणि तो किती टिकतो हे मला बघायचंय.