ऐकू येते, पण पोहोचत नाही

बिशप महाशयांच्या आज्ञेवरून आम्ही २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षे अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या पश्चिम भागात सेवा केली. तेथे एका धर्मगुरूकडे दोन-दोन, तीन-तीन चर्चेसची जबाबदारी असते. आमच्या दोन चर्चेसमध्ये साठ मैलांचे अंतर होते आणि वाटेत 'सँडहिल्स', म्हणजे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या. आपल्या वसईत एका चर्चची घंटा दुसऱ्या धर्मग्रामात ऐकू येते. तेथे मैलोगणती दिवा दिसत नाही. त्या राज्यात माणसांपेक्षा गुरांची संख्या कितीतरी मोठी आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांचा गुरे वाहून नेणारा ट्रक होता. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आमच्या जुन्या मोटारीत एक सीबी रेडिओ बसवून दिला. "फादर, या टेकड्यांत मोबाईलचा भरवसा नाही. हा असू द्या," एवढेच ते म्हणाले.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, अर्थात सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या रेडिओलहरी. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही सोय १९५८ साली सुरू झाली. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल-डिझेल कोठे मिळते आणि पोलीस कोठे उभे आहेत हे एकमेकांस कळविण्यासाठी ट्रकचालकांनी हा रेडिओ उचलून धरला. १९७७ पासून त्याला चाळीस चॅनेल मिळाले आणि १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. नववे चॅनेल संकटकाळासाठी, एकोणिसावे ट्रकचालकांच्या बोलण्याचे. कायद्याने साध्या संचाला चार वॅटची मर्यादा आहे. आपल्या देशातही २००५ पासून या पट्ट्यातील पाच वॅटपर्यंतचे संच परवान्याविना वापरता येतात. पण त्यांचा प्रसार फारसा झाला नाही.

तीन हिवाळे संचाने आम्हांस उत्तम साथ दिली. २०२१ च्या जानेवारीतील एका रात्री मात्र आम्ही ८३ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेस येत होतो. भुरभुर बर्फ पडत होते. दोन टेकड्यांमधील खोलगट भागात एक ट्रक रस्त्यावर आडवा झालेला दिसला. चालक सुखरूप होता. आम्ही कडेने कशीबशी गाडी काढली, तोच एकोणिसाव्या चॅनेलवर आवाज आला, "उत्तरेकडे रस्ता कसा आहे?" समोरून कोणीतरी भरधाव येत होता. आम्ही माईक उचलून सांगितले. त्याने पुन्हा तेच विचारले. आम्ही पुन्हा सांगितले, ओरडून सांगितले. तो म्हणाला, "कोणी आहे का रस्त्यावर?" त्याचा शब्दन् शब्द आम्हांस ऐकू येत होता, आमचा एकही शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

थोड्याच वेळात त्याचे दिवे समोर आले. आम्ही आपले दिवे भराभर मिचकावले. त्याने वेग कमी केला. पुढे पोलीस उभे आहेत असे त्यास वाटले, हे आम्हांस मागाहून समजले! अपघात टळला तो या गैरसमजामुळे. रेडिओमुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच दोष शोधावयास बसलो. गोरेगावच्या सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो होतो. कार्यावरून कारण शोधणे आम्हांस अगदीच परके नव्हते. फ्यूज शाबूत होता. इंजिन सुरू असताना वीज पुरेशी मिळत होती. माईकची वायर वाकवून, हलवून पाहिली, तीही ठीक. मग त्या ट्रकवाल्या गृहस्थांना चर्चजवळ उभे करून आम्ही बोलत बोलत दूर जाऊ लागलो. एरवी तीन-चार मैल पोहोचणारा आमचा आवाज अर्ध्या मैलातच विरून गेला. यावरून संचच अशक्त झाला असे अनुमान आम्ही काढले. ते चुकीचे होते.

हमरस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही संच नेला. तेथील माणसाने तो उघडलाही नाही. काय होते, केव्हापासून होते, हे विचारले नाही. "चार वॅटचे दुप्पट करून देतो, फादर. मग बघा," तो म्हणाला. खरे सांगावयाचे तर ते ऐकून आम्हांस आनंदच झाला. हे कायद्याच्या बाहेरचे आहे याची पुसट जाणीव होती. ती आम्ही बाजूस सारली. ऐंशी डॉलर मोजले. पावती मागितली नाही आणि त्यानेही दिली नाही. परिणाम असा की आवाज आता अर्ध्याचा पाऊण मैल जाऊ लागला. पण तो इतका फाटका की घशात खडे भरून कोणी बोलावे. भरीस भर म्हणजे आमचे बोलणे शेजारच्या चॅनेलांवरही सांडू लागले आणि लोक चिडू लागले.

तेव्हा ते ट्रकवाले गृहस्थ म्हणाले, "ज्यांचे पोट रेडिओवर आहे, ते कोठे जातात ते विचारा." आम्ही तीन चालकांना विचारले. दोघांनी एकाच माणसाचे नाव घेतले. हे वृद्ध गृहस्थ नॉर्थ प्लॅट येथे राहत. ते रेल्वेचे गाव आहे. मालगाड्यांची जुळवाजुळव करणारे तेथील बेली यार्ड जगात सर्वांत मोठे गणले जाते. रेल्वेच्या रेडिओ-विभागातून निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ घराच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती करीत.

त्यांनी संचाला हातच लावला नाही. आधी प्रश्न विचारले. केव्हापासून? एकदम झाले की हळूहळू? त्यापूर्वी गाडीला काही काम केले होते का? मग त्यांनी आम्हांस गाडी बाहेर, भर बर्फात, मोकळ्या जागी उभी करावयास लावली. दारे बंद केली, कारण उघडे दार किंवा जवळची भिंतही मोजमाप बिघडवते. संच व अँटेना यांच्या मधोमध त्यांनी एक लहान मीटर जोडला. अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, हे तो मीटर गुणोत्तराने दाखवतो. एकास एक हा आदर्श, दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालण्यासारखे, तीनच्या वर धोका. आमचा काटा तीन ओलांडून गेला होता.

"तुमचा आवाज गाडीतच परत येत होता," ते म्हणाले.

त्यांनी अँटेनाची बैठक खोलून आमच्या हातावर ठेवली. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने बैठकीचा गाडीच्या पत्र्याशी असलेला संपर्क पार खाऊन टाकला होता. केबलमध्ये पाणी शिरून आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती. कानांवर येणारे आवाजही त्यामुळे क्षीण झाले होते. पण ट्रकवाल्यांचे संच जोरदार, म्हणून ते तरीही ऐकू येत आणि आमचा कान शाबूत आहे असे आम्हांस वाटे.

मग त्यांनी संच उघडला. क्षणभर थांबून म्हणाले, "हा बिघडलेला नव्हता. आता बिघडवला आहे." आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून संचात एक लगाम असतो, तो कापून टाकला होता. आतले सारे स्क्रू फिरवले होते. अशा कारागिराला तेथील रेडिओप्रेमी उपहासाने 'सोन्याचा स्क्रू-ड्रायव्हर' म्हणतात.

"हे तुम्ही करावयास सांगितले होते?" त्यांनी विचारले.

इतरांची कबुली ऐकण्यात आमचे आयुष्य गेले आहे. त्या गॅरेजमध्ये "होय" हा एक शब्द उच्चारणे आम्हांस फार जड गेले. त्यांनी मान डोलावली. अधिक काही बोलले नाहीत.

लगाम पुन्हा जोडला गेला, शक्ती चार वॅटच्या आत आली. पत्रा खरवडून लखलखीत केला, नवी केबल घातली. शेवटी पहिल्या, विसाव्या व चाळिसाव्या चॅनेलवर मीटर पाहिला. चाळिसाव्यावर काटा अधिक चढला, म्हणजे अँटेना किंचित लांब. ती जराशी खाली सरकवली. काटा दीडच्या खाली स्थिरावला. काढलेले सुटे भाग एका पाकिटात घालून त्यांनी आम्हांस परत दिले. केबलचे पैसे आणि तासाभराची मजुरी घेतली. पावतीवर काय केले ते ओळीने लिहिले. निघताना म्हणाले, "पुढच्या हिवाळ्याआधी बैठक पुसून घ्या. मग माझ्याकडे यावे लागणार नाही."

गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून झटणारा कारागीर आम्ही प्रथमच पाहिला. त्या रात्री परतताना एका चालकाने रस्ता विचारला. आम्ही सांगितला. "दहा-चार," तो म्हणाला, म्हणजे 'पोहोचले'. इतका आनंद क्वचितच कोणत्या उत्तराने झाला असेल.

असो. गेल्या वर्षी येथील आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत तक्रार आली की, मागच्या बाकांवर प्रवचन ऐकू येत नाही. अधिक वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा. मंडळींनी तीन दुकानांचे भावही आणले होते. आम्ही म्हटले, आधी वायरी पाहू. वायरमन शिडी लावून चढला. मागच्या दोन कर्ण्यांच्या जोडांवर पावसाचे पाणी मुरून हिरवा गंज चढला होता. तो खरवडला, नवे डाग दिले; काम दुपारपर्यंत आटोपले.

पुढच्या रविवारी मागच्या बाकावरची एक वृद्ध बाय मिस्सानंतर जवळ आली. म्हणाली, "फादर, आज सगळं ऐकू आलं. पण जरा लांबलं."