खांद्यावरचा खडू

तीस वर्षें अध्यापन केलेल्या मनुष्याला खांद्यावर पडलेल्या पांढऱ्या भुकटीची लाज वाटण्याचें कारण नसतें. ती खडूची आहे असें विद्यार्थी समजतात आणि प्राध्यापकही ती समजूत मोडीत नाहीं. परंतु आमच्या वर्गांतला काळा फळा गेला, गुळगुळीत पांढरा फळा आला, आणि माझ्या काळ्या कोटाचा कैवार घेणारें कोणी उरलें नाहीं. तो कोंडा होता!

हिवाळा लागला कीं नंदुरबार शहराभोंवतीं लाल मिरचीच्या पथारी पसरतात. वाऱ्याच्या झुळुकेसरशीं ठसका लागतो. माझ्या डोक्याची खाजही नेमकी त्याच दिवसांत वाढे. तेव्हां मीं सारा दोष मिरचीच्या माथीं मारला. तर्कशास्त्र शिकविणाऱ्यानें काकतालीय न्यायाला असें बळी पडावें, ही नामुष्कीच म्हणावयाची.

त्वचेच्या डॉक्टरांनीं मिरचीला निर्दोष सोडलें. थंडीत कोंडा बहुधा वाढतोच, म्हणाले. १८७४ सालीं मॅलासे नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें जिचें वर्णन केलें ती मॅलासेझिया बुरशी जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर नांदत असते. त्वचेंतून पाझरणारा तेलकट स्राव हें तिचें अन्न. तो खातांना ती जीं आम्लें मागें ठेवते, तीं कांहींच्या त्वचेला सोसत नाहींत. मग त्वचा घाईघाईनें कात टाकूं लागते. म्हणजे अस्वच्छतेचा हा कलंक नव्हे, आणि 'डोक्यांतली उष्णता'ही नव्हे. उवा, केसांचा कलप, नायटा, सोरायसिस यांनींही डोकें खाजतें. तीं त्यांनीं तपासून बाजूला काढलीं.

"किटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यांतून दोनदां. लावून पांच मिनिटें थांबायचें, मग धुवायचें. आणि तेल बंद."

शांपूचें सोपें होतें. पण तेल माझी आई लावते. तिनें ऐंशी ओलांडली आहे. दृष्टि मंदावल्यामुळें निवडणें, टिपणें, वाचणें एकेक करून तिच्या हातून सुटलें. शनिवारीं रात्रीं वाटींत तेल कोमट करून माझ्या डोक्यावर चोळणें एवढें एकच काम तिला डोळ्यांवांचून करतां येतें. तें बंद कर, हें कोणत्या तोंडानें सांगावें?

मीं सांगितलें नाहीं. शनिवारऐवजीं रविवारीं सकाळीं, स्नानापूर्वीं अर्धा तास, तेंही थोडकें, एवढीच सवलत मागून घेतली. महिन्याभरांत खाज थांबली. आईच्या बोटांना तें माझ्याआधीं कळलें.

"पाहिलेंस? तेल मुरलें कीं कोंडा जातो. तुमच्या डॉक्टरांना काय कळतंय!"

"खरें आहे, आई," असें म्हणून मीं मान आणखी खालीं वांकविली. मानेजवळचा भाग अजून राहिला होता.