गरजेपुरता वेग

शहापूर-मुरबाड परिसरातील आमच्या पिढीला विजेची ओळख तिच्या जाण्यातूनच अधिक झाली. 2000 नंतरच्या दशकात राज्यात विजेचा तुटवडा होता. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. मुंबई मात्र बहुतांशी उजळलेली राही. आपल्या वसतिगृहात सायंकाळचा अभ्यास आणि वीज यांचे सख्य क्वचितच जुळे. देणगीत मिळालेल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी जितकी पुरेल, तितकाच संगणकाचा पाठ होई.

पुढे आमच्यापैकी काही जण संगणकाच्या व्यवसायात आलो, तेव्हा हाच काटकसरीचा प्रश्न यंत्राच्या आत भेटला. संगणकाची कार्यप्रणाली ज्या गाभ्यावर उभी असते, त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसरने कोणत्या क्षणी किती वेगाने चालावे, यावर कर्नलमधील ‘गव्हर्नर’ नावाची व्यवस्था लक्ष ठेवते. वेग कमी केला की विजेचा दाबही कमी करता येतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वेग व दाब दोन्ही 80 टक्क्यांवर आणले, तर प्रोसेसरचा हा खर्च जवळजवळ निम्मा होतो. काम सव्वापट वेळ घेते; तरीही त्या कामापुरती वीज सुमारे एकतृतीयांशाने वाचते.

म्हणून संथ चालणे हीच काटकसर, असे मात्र नाही. प्रोसेसर रेंगाळत असताना पडदा, स्मृती आणि इतर भाग वीज घेतच राहतात. अशा वेळी काम झपाट्याने उरकून गाढ निद्रेत जाणे अधिक स्वस्त पडते.

लिनक्समधील ‘पॉवरसेव्ह’ हा मूळ गव्हर्नर, काम कितीही असो, वेग किमान मर्यादेवरच बांधून ठेवतो. इंटेलमधील वेंकटेश पल्लीपाडी यांनी घडवलेला ‘ऑनडिमांड’ 2004 मध्ये लिनक्समध्ये आला. तो ठरावीक अंतराने कामाचा भार मोजतो आणि भार वाढताच पूर्ण वेग देतो. 2016 मध्ये आलेला ‘स्केडयुटिल’ कामांची वाटणी करणाऱ्या विभागाकडूनच गरज जाणून घेतो.

हे शिकताना आम्हांला आपला तालुका आठवल्यावाचून राहिला नाही. 1892 पासूनचे तानसा आणि नंतरचे भातसा, ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. इथल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बचत सर्वांनाच करावी लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण गरज न मोजता काहींना कायमचे किमान मर्यादेवर बांधणे, याला बचत म्हणता येत नाही. ‘या मुलांना एवढे पुरे’ हे वाक्य आम्ही शिक्षणाबाबतही पुष्कळदा ऐकले होते. आपल्या शाळेने ते कधी उच्चारले नाही. ज्याला गणित जड जाई त्याला गुरुजी अधिक वेळ देत. ज्याची धाव मोठी, त्याला पुढचे पुस्तक हाती ठेवीत.

आज वसतिगृहात राहणाऱ्या धाकट्या भावंडांना आमचे एवढेच सांगणे आहे की, लिनक्सचा हा सारा स्रोत सर्वांना खुला आहे. कोणाला किती मिळावे, हे ठरवणारे नियम तेथे वाचता येतात, तपासता येतात. अभ्यास असेल तर बदलून सुचवताही येतात. तेथपर्यंत आपल्या शाळेतून कोणीतरी पोहोचावे.