दोन बटनसेल

नव्वदच्या दशकातल्या साउंड कार्डात तीन वेगळे आवाज नांदायचे आणि त्यांचं एकमेकांशी फारसं देणंघेणं नसायचं. पहिला एफएम चिपचा. ही चिप सतार, बासरी, ऑर्गन असं सगळं स्वतःच्या गणितातून तयार करायची, आणि ते थोडं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं लागायचं. दुसरा रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा, म्हणजे वेव्ह फाइलींचा. तिसऱ्याला आवाज म्हणणंही तसं चूकच. ते मिडीचं दार. तिथून बाहेर जायच्या त्या फक्त सूचना: अमुक पट्टी इतक्या जोरात दाबा, आता सोडा. म्हणून ‘कॉम्प्युटरचा आवाज गेला’ असं कुणी म्हटलं की कुठला गेला हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सांगलीहून मामांचा फोन आला तेव्हा मी हेच विचारलं. मामा शाळेत संगीत शिकवायचे. स्नेहसंमेलनातल्या गाण्यांचे, भावगीतांच्या कार्यक्रमांचे पार्श्वसंगीताचे ट्रॅक त्यांनी घरच्या पेंटियमवर बसवले होते. १६६ मेगाहर्ट्झचं मशीन, विंडोज ९८, आणि त्याला जोडलेला कीबोर्ड. निवृत्तीनंतर हा सगळा संसार कापडाखाली झाकलेला होता. आता नातीच्या शाळेसाठी त्यांना तो पुन्हा मांडायचा होता.

“विंडोज सुरू होताना जे वाजतं ना, ते अडकतंय,” मामा म्हणाले. “पहिला तुकडाच पुन्हा पुन्हा. पण कीबोर्ड न जोडता गाणं लावलं तर अख्खं वाजतं. हे कसं काय?”

निम्मं निदान त्यांनीच केलं होतं. एफएम चिपला आकडे पाठवले की ती वाजते, प्रोसेसरला परत काही सांगायची तिला गरज पडत नाही. वेव्हचं तसं नाही. कार्ड मेमरीतला एक तुकडा डीएमएच्या वाटेने उचलतं, तो संपत आला की प्रोसेसरला हाक मारतं, ‘पुढचा द्या’. ही हाक म्हणजे इंटरप्ट, आणि ती ज्या तारेवरून जाते तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू. हाक पोचली नाही तर कार्ड तोच तुकडा पुन्हा फिरवत राहतं. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, त्याचं ऐकायला कुणी नव्हतं.

सांगलीला जाऊन मशीन चालू केलं तर पडद्यावर पहिलीच ओळ सीमॉसच्या तक्रारीची. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. हा सेल घड्याळासाठी असतो असं बरेच जण समजतात. घड्याळ चुकलं तर चुकू दे, असं मामांचंही म्हणणं होतं. पण त्या काळच्या बोर्डावर बायोसच्या सगळ्या सेटिंग त्याच सेलच्या जिवावर टिकायच्या. कार्ड आयएसए जातीचं, पिनांवर टोप्या घालून नंबर ठरवायचं: आयआरक्यू ५, डीएमए १, पत्ता २२०. अशा कार्डाचा बायोसला पत्ताच नसतो. म्हणून पूर्वी कुणीतरी बायोसमध्ये ‘पाच नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेव’ असं सांगून ठेवलं होतं. सेल संपला, राखीव जागा पुसली गेली, आणि मामेभावाने मागाहून बसवलेल्या पीसीआय नेटवर्क कार्डाला बायोसने मोकळा दिसला म्हणून पाच नंबर देऊन टाकला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोघांवरही पिवळं उद्गारचिन्ह.

सेल बदलला, बायोसमध्ये पाचच्या पुढे ‘लेगसी आयएसए’ केलं, नेटवर्क कार्ड अकरावर सरकलं. विंडोजचा आवाज सलग वाजला. आजच्या लॅपटॉपमध्ये हे नंबर वापरणाऱ्याला दिसतही नाहीत, आणि सोय म्हणून ते चांगलंच आहे. पण बिघाड शोधताना मला ते जुने उघडे आकडे आवडतात. डॉसमधली ब्लास्टरची एक ओळ, ए२२० आय५ डी१ पी३३०, वाचली की कार्ड कुठे राहतं, कुठून हाक मारतं, मिडीचं दार कुठे आहे, सगळं कळतं. वाद झाला तर कागदावर मांडता येतो.

आता कीबोर्ड. कार्डाच्या मागे जॉयस्टिकसाठी पंधरा पिनांचं सॉकेट असतं, त्यातूनच मिडी बाहेर काढतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला पाच पिनांचे दोन गोल प्लग, एकावर ‘इन’, एकावर ‘आउट’. कॉम्प्युटरचा आउट कीबोर्डच्या इनमध्ये जातो. मामांनी नावाला नाव जुळवून दोन्ही लावले होते. त्यांची चूक म्हणवत नाही, कारण काही केबल करणारे प्लगवर तो कुठे घालायचा ते लिहितात, काही तो कुठून आला ते. उलटे केले, मल्टिमीडियाच्या मिडी पानावर एफएमऐवजी एमपीयू ४०१ निवडलं, आणि कीबोर्ड वाजायला लागला.

या दोन तारांमागची गोष्ट मामांना मनापासून आवडली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६०० आणि रोलँडचा ज्युपिटर ६ अशा केबलने जोडले गेले आणि दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी ते जमवलं. त्यासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, तेव्हाचा तोच आणि मामांच्या टेबलावरचाही तोच. एक पट्टी दाबल्याचा निरोप पोचायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे कॉर्डमधले सूर एकदम नव्हे, एकामागून एक जातात, पण आपला कान ते सोडून देतो.

मामा वाजवायला बसले आणि थांबले. “आवाज जाड झालाय रे.” खरंच प्रत्येक सूर दोनदा वाजत होता. एकदा कीबोर्ड स्वतः वाजवायचा, आणि तोच सूर कॉम्प्युटरमधून फिरून परत येऊन क्षणभराने पुन्हा वाजायचा. यावर उपाय लोकल कंट्रोल बंद करण्याचा: पट्ट्या आणि कीबोर्डचा आतला आवाज यांचा थेट संबंध तोडायचा, सगळं कॉम्प्युटरमार्फत होऊ द्यायचं. आवाज सडसडीत झाला. रात्री कॉम्प्युटर बंद करून मामांनी सहज कीबोर्डवर हात ठेवला तर चिडीचूप. आतून मामींची हाक आली, “मेला का तो पण?” बंद करून पुन्हा चालू केला की लोकल कंट्रोल आपोआप परत येतो, हे त्यांना नंतर समजलं.

गुणगुण वेगळीच होती. अँप्लिफायर जोडला की एक खालचा सूर अखंड धरून. मामा पेटीकडे न बघताच म्हणाले, “पांढरी पाचच्या जरा वर.” बरोबर होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० आणि १०० वर येते, आणि हे दोन्ही आकडे पांढरी पाचच्या तसूभर वर बसतात. कॉम्प्युटर एका भिंतीवरच्या प्लगला, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या. दोन अर्थिंगमध्ये फरक, आणि तो फरक ऑडिओच्या वायरमधून वाहत होता. मिडीची केबल यात निर्दोष. सूचना घेणाऱ्या टोकाला ऑप्टोकपलर असतो, निरोप उजेडाच्या रूपाने पलीकडे जातो, वीज जात नाही. आम्ही सगळं एकाच बोर्डावर घेतलं आणि गुणगुण जवळजवळ गेली. अशा वेळी अर्थची पिन काढून टाका असा सल्ला देणारे भेटतात. गुणगुण त्याने जातेही, पण तो सल्ला ऐकू नये.

इथपर्यंतचं काम म्हणजे ओळखीची वाट. खरी अडचण पहिला ट्रॅक लावल्यावर कळली. व्हायोलिनची ओळ सुरू झाली, मामांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. “मींड कुठे गेली?”

मींड होती, पण तोकडी. षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत जायची ओढ कोमल ऋषभाच्याही अलीकडेच थांबत होती. फाइल मोबाइलवर वाजवली तरी तसंच. मामांना वाटलं फ्लॉपी खराब झाली. पण फ्लॉपी अशी सुरात खराब होत नाही. ती वाचता येते किंवा येत नाही.

मिडीत मींड पिच बेंडने होते. त्याला १६,३८४ पायऱ्या, मधली ८,१९२ वी म्हणजे सूर जागेवर. पण टोकाची पायरी म्हणजे किती सूर, हे बेंडच्या निरोपात नसतं. ते वाजवणाऱ्या वाद्याने ठरवायचं. नेहमीचा ठराव वर-खाली दोन अर्धस्वरांचा. मामांनी त्या काळात कीबोर्डच्या पॅनलवर तो बारा केला होता, म्हणजे पूर्ण सप्तक, आणि सगळी मींड त्या मापाने भरली होती. गंधार चार अर्धस्वर वर, म्हणून फाइलीत ओढ बाराची एक तृतीयांश. दोनच्या मापाने वाजवली की तीच ओढ दोनतृतीयांश अर्धस्वरावर संपते. फाइल जशीच्या तशी होती, कीबोर्ड विसरला होता. त्याच्याही पोटात एक बटनसेल होता आणि तोही संपलेला. खाली दुकानात गेलो तर तोच नंबर, २०३२.

सेल बदलून बारा परत करता आला असता. पण मग पुन्हा तेच, सेल संपला की मींड संपली. बेंडचं माप फाइलीतच लिहिता येतं, सुरुवातीला चार-पाच कंट्रोलरचे निरोप घालून. प्रत्येक ट्रॅक उघडून पहिल्या मात्रेच्या आधी ते भरत बसणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि मामांनी ते हौसेने केलं. झाल्यावर मोबाइलवर लावून बघितलं. व्हायोलिन पातळच होतं, पण गंधाराला पोचत होतं.

सगळं काही मींडीसारखं सुटलं नाही. मामांनी स्वतः बनवलेले आवाजही त्या सेलबरोबर गेले होते. सनईला तोड निघाली. १९९१ च्या जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर सनई. अर्थात कीबोर्ड एकपासून मोजतो की शून्यापासून, ते आधी बघायचं. नाहीतर सतार मागितली की बँजो येतो आणि सनईच्या जागी घंटी. मिरज हाकेच्या अंतरावर, तिथे सतारी-तंबोरे घडवणारी घराणी, आणि आम्ही बँजोला सतारीच्या नंबरवर आणतोय, यावर मामा बराच वेळ हसले.

तबला मात्र त्या यादीतच नाही. दहावं चॅनल तालवाद्यांचं. तिथे ६० आणि ६१ वर बोंगो, पुढच्या तीन नंबरांवर काँगा, पण तबला कुठेच नाही. मामांचा जुना तबला त्यांनी कीबोर्डातल्या ढोलांचे सूर खाली-वर करून, एकेक बोल जुळवत बनवला होता आणि त्याची नोंद फक्त कीबोर्डात होती. ती फ्लॉपीवर काढून ठेवायची सोय तेव्हाही होती. कीबोर्ड आपली सगळी मेमरी मिडीच्याच वाटेने बाहेर ओततो, तिला बल्क डंप म्हणतात.

“मग आता?”

“आता नवीन बनवायचा, मामा. आणि झाला की लगेच डंप.”

सध्या धा साठी त्यांनी काँगा आणि खाली उतरवलेला टॉम एकत्र लावलाय. ना जमलाय. धिंवर समाधान नाही. काल रात्री फोन आला: बायाचा आवाज मीठ कमी पडल्यासारखा लागतोय, त्याला थोडी घसीट हवी, तर डाव्याच्या चॅनललाही बेंड लावता येईल का. दहाव्या चॅनलवर बेंड लावला तर सगळीच तालवाद्यं एकदम घसरतील, म्हटलं. बाया वेगळ्या चॅनलवर घ्या.