नाव मोठ्यानं वाच!

ख्रिसमस शॉपिंगच्या ऐन धामधुमीत अमेरिकेतले हजारो लोक एक शनिवार चक्क दफनभूमीत घालवतात. आर्लिंग्टनमधल्या अशाच एका सकाळी थेट साताऱ्याकडची चावडी आठवली, त्याची ही गोष्ट.

डिसेंबरात अमेरिकेला जाणाऱ्या मराठी माणसाची बॅग ठरलेली असते. जाताना चकल्या आणि भाजणी, येताना सेलमधली जॅकेट्स. गेल्या डिसेंबरात मीही त्याच तयारीनं निघाले होते. ताई नॉर्दर्न व्हर्जिनियात राहते, त्यामुळे शनिवारी टायसन्सचा मॉल पालथा घालायचा, हे मी विमानातच फायनल केलं होतं. पण पोचल्या दिवशीच ताईनं बॉम्ब टाकला.

'शनिवारी सकाळी मॉल नाही. आर्लिंग्टनला जायचंय.'

'तिथे काय आहे?'

'दफनभूमी.'

मी आशेनं दाजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, 'आतून थर्मल घाल. सॉलिड थंडी असते.'

लाल बो, हिरवं चक्र

मेट्रोच्या ब्लू लाइनला 'आर्लिंग्टन सिमेट्री' नावाचं स्टेशनच आहे. त्या सकाळी तिथली गर्दी पाहून मला सकाळी पावणेनऊचं दादर आठवलं. फरक एवढाच की इथे कुणी धक्के मारत नव्हतं. स्काउटची पोरं, युनिफॉर्ममधले सैनिक, काठी टेकत चालणाऱ्या आज्या, कॉफीचे मग घेतलेले आपल्यासारखेच ऑफिसवाले. सिक्युरिटी चेक झाला, आत शिरलो आणि बोलणंच थांबलं.

६३९ एकर जमीन आणि तिथे विसावलेली ४ लाखांहून जास्त माणसं. टेकडीच्या उतारावर पांढरे संगमरवरी दगड. तुम्ही कुठेही उभे राहा, दगड रांगेतच दिसतात. सरळ बघा, तिरकं बघा, रांग मोडत नाही.

रस्त्याकडेला ट्रक उभे होते. खोकी उघडली की ओल्या जंगलासारखा वास यायचा. मराठीत आपण पुष्पचक्र म्हणतो, पण यात फूल एकही नाही. बाल्सम फर या झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचं गोल चक्र आणि त्यावर लाल बो. बस्स. रांगेत उभं राहायचं, चक्र घ्यायचं आणि ठेवायला निघायचं.

माझ्या आठ वर्षांच्या भाचीला शाळेतून सगळे नियम पाठ होते. चक्र दगडाला टेकवून ठेव. बो वर हवा. मग एक पाऊल मागे ये. 'आणि मावशी, मेन गोष्ट. नाव मोठ्यानं वाच!'

हा नियम संस्थेनंच घालून दिलाय. दगडावरचं नाव मनात वाचून भागत नाही, ते ऐकू आलं पाहिजे. त्या माणसाच्या ओळखीचं आता कुणी नसेलही, पण निदान आज कुणीतरी त्याचं नाव घेतलं.

पहिला दगड कोरियाच्या युद्धातल्या सैनिकाचा होता. भाचीनं अडखळत नाव वाचलं. मग ताई म्हणाली, 'आता मागून बघ.' मागच्या बाजूला त्याच्या बायकोचं नाव होतं. तो गेल्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी ती त्याच्या शेजारी आली होती. आम्ही तेही मोठ्यानं वाचलं. ती दोन नावं इथे छापत नाही. ती त्या कुटुंबाची आहेत.

उरलेल्या मालाचं काय करायचं?

या सगळ्याची सुरुवात बिझनेसमधल्या एका प्रॉब्लेमनं झाली. मेन राज्यातले मॉरिल वूस्टर ख्रिसमसची चक्रं बनवण्याचा धंदा करायचे. १९९२च्या सीझनला त्यांच्याकडे हजारो चक्रं उरली. लहानपणी पेपर टाकणारा पोऱ्या असताना एका स्पर्धेत ते वॉशिंग्टनची सहल जिंकले होते. तेव्हा पाहिलेलं आर्लिंग्टन त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. उरलेली चक्रं त्यांनी तिकडे पाठवली आणि फारसं कुणी फिरकत नाही अशा जुन्या भागातल्या थडग्यांवर ठेवली. मग दर वर्षी तेच.

बरीच वर्षं याचा गाजावाजा झाला नाही. २००५मध्ये बर्फातल्या दगडांपुढच्या हिरव्या चक्रांचा एक फोटो ई-मेलवरून फॉरवर्ड होत सुटला आणि देशभरातून विचारणा सुरू झाली. २००७मध्ये 'रीथ्स अक्रॉस अमेरिका' ही संस्था स्थापन झाली. २०२३मध्ये ४ हजारांहून जास्त ठिकाणी मिळून सुमारे ३० लाख चक्रं ठेवली गेली.

टीकाही होते. संस्था ही चक्रं वूस्टर कुटुंबाच्याच कंपनीकडून विकत घेते, हे अनेकांना खटकतं. आणि ख्रिसमसचं चक्र सरसकट सगळ्यांच्या थडग्यावर का, हाही प्रश्न आहेच. आम्हाला तिथल्या स्वयंसेवकानं आधीच सांगितलं होतं: दगडावर ज्यूंचा सहा टोकांचा तारा दिसला तर चक्र ठेवायचं नाही. थांबायचं, नाव वाचायचं आणि पुढे जायचं. मला हे फार आवडलं. चक्र नसलं तरी चालतं, नाव मात्र चुकवायचं नाही.

ज्यांना नावच नाही

आर्लिंग्टनचा इतिहासही नावांचाच आहे. गृहयुद्धात दक्षिणेचे सेनापती झालेल्या रॉबर्ट ई. ली यांच्या कुटुंबाची ही इस्टेट. उत्तरेच्या सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १८६४मध्ये तिथे सैनिकांचं दफन सुरू केलं. १३ मे १८६४ला पहिलं दफन झालं ते विल्यम क्रिस्टमन या साध्या शिपायाचं. तो लढाईत नाही, हॉस्पिटलमध्ये आजारानं गेला होता. सेक्शन २७मध्ये गुलामीतून सुटलेली माणसं आहेत. त्यांच्या दगडांवर हुद्दा नाही, पदक नाही. 'सिटिझन' नाहीतर 'सिव्हिलियन' एवढंच कोरलंय. ज्यांना आयुष्यभर माणूस म्हणून मोजलं नाही, त्यांना शेवटी 'नागरिक' म्हटलंय.

सेक्शन ६०मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात गेलेले आहेत. इथे सगळ्यात जास्त शांतता होती. काही जन्मसाल माझ्या चुलतभावंडांची असावीत अशी. एका दगडापुढे एक बाई फोल्डिंग खुर्ची टाकून बसली होती. ती चक्र ठेवायला आलेली नव्हती, भेटायला आली होती. आम्ही लांबूनच पुढे गेलो.

आणि मग गृहयुद्धातल्या अनोळखी सैनिकांचे बुटके दगड आले. त्यावर नंबर आणि 'अननोन'. भाचीनं चक्र ठेवलं, एक पाऊल मागे आली आणि थांबली.

'मॉम, आता काय वाचू?'

ताईला उत्तर सुचेना. मलाही नाही. कारण मला एकदम आमच्या आजोळच्या चावडीतला दगड आठवला होता.

सातारा जिल्ह्यात तुमचं गाव असेल, तर असा दगड तुम्हीही पाहिला असेल. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी गावोगावी बसवलेला. अपशिंगे मिलिटरी हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध गाव. तिथले ४६ जण त्या युद्धातून परत आलेच नाहीत. आमच्या गावच्या दगडावर गावातून किती गेले आणि किती मेले, एवढे दोनच आकडे आहेत. सुट्टीत लपाछपी खेळताना राज्य घ्यायची आमची ती जागा. त्या दुसऱ्या आकड्यात आमच्या घरातला एक जण आहे, हे आजी सांगायची. आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

संध्याकाळी ताईच्या किचनमधून आजीला फोन लावला. भारतात सकाळ होती.

'आजी, तो बसऱ्याला गेलेला, त्याचं नाव काय गं?'

'माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ तो. धाकला म्हणायचे त्याला.'

'ते झालं घरातलं. खरं नाव?'

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'एक कागद होता बाई. पावसाळ्यात भिजला. आता सांगणारं कुणी ऱ्हायलं न्हाई.'

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर मराठा पलटणी लढल्या. १९१६मध्ये कूटच्या वेढ्यातही त्या होत्या. त्या आघाडीवर गेलेल्यांसाठी नंतर बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा. ही वागणूक भेदभावाची होती, हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१च्या अहवालात मान्य केलं आणि माफी मागितली. म्हणजे धाकला चावडीतही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच.

जानेवारीत आर्लिंग्टनमध्ये स्वयंसेवक पुन्हा येतात आणि सुकलेली चक्रं उचलून नेतात. भाचीला तेही करायला जायचं होतं. मी तोवर पुण्यात परतले होते. जॅकेट्स आणली, ती मस्त आहेत. आल्यावर पहिला फोन मामाला केला. गावातल्या म्हाताऱ्यांकडे आणि जुन्या दप्तरात विचारपूस करायला त्यानं सुरुवात केलीय. दिवाळीत चावडीतल्या दगडापाशी पणती लावायची, हे ठरलंय. तोवर नाव सापडलं तर मोठ्यानं वाचेन. नाही सापडलं तर 'धाकला' म्हणेन.

जायचं असेल तर...

कधी: डिसेंबरच्या मध्यातला एक शनिवार. कार्यक्रम सगळ्यांना खुला असतो, अमेरिकन नागरिक असण्याची गरज नाही. त्या वर्षीची तारीख आधी तपासा.

कसं: वॉशिंग्टन मेट्रोची ब्लू लाइन, 'आर्लिंग्टन सिमेट्री' स्टेशन. प्रवेश फुकट. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा.

चुकवू नका: अनोळखी सैनिकाच्या समाधीपुढचा पहारा. १९३७पासून तो दिवसरात्र चालू आहे. पहारेकरी मोजून २१ पावलं चालतो.

पुण्यातच असाल तर: खडकीची वॉर सिमेट्री. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६००हून जास्त सैनिकांची थडगी इथे आहेत. ऑफिसला दांडी मारायची गरज नाही, रविवारी सकाळी अर्धा तास पुरतो. एखाद्या दगडापुढे थांबा आणि नाव मोठ्यानं वाचा.