रणगाड्याच्या पोटात

‘रणगाडा’ हा शब्द मराठीत ज्याने कोणी रूढ केला, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. इंग्रजांनी १९१६ साली सोमच्या रणभूमीवर हे यंत्र प्रथम उतरविले. त्याआधी गुपित फुटू नये म्हणून ‘या पाण्याच्या टाक्या आहेत’ अशी आवई त्यांनी उठविली होती, आणि ‘टँक’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. आपला शब्द अधिक प्रामाणिक आहे. टाकीत पाणी असते. गाड्यात माणसे बसतात. पण गंमत अशी की, रणगाड्याविषयी बोलताना आपण नेमके त्या माणसांनाच विसरतो. तोफ केवढी, पोलाद किती जाड, वेग किती, हे सारे आपण आवडीने विचारतो. आत बसायला जागा कशी असते, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त दफादार राहतात. आळीतली मुले त्यांना दफादारकाका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. उमेदीची वर्षे त्यांनी रशियन बनावटीच्या टी-५५ मध्ये आणि नंतर टी-७२ मध्ये काढली. माणूस उंचापुरा, आमच्या पडवीत येताना त्यांना अजूनही मान लववावी लागते. रशियन रणगाड्यांविषयी चार गोष्टी माझ्या कानांवर आल्या होत्या, त्या मी एकदा त्यांच्यापुढे मांडल्या.

“काका, त्या रणगाड्यात म्हणे फक्त बुटकीच माणसे मावतात?”

“मग मला काय घडी करून ठेवीत होते, सर?” काका म्हणाले.

आख्यायिकांचे असेच असते. त्या साफ खोट्या नसतात. खऱ्याच्या जरा पुढे गेलेल्या असतात. सोव्हिएत सैन्यात रणगाड्यांसाठी बेताच्या उंचीचे जवान निवडण्याकडे कल होता, हे खरे. पण बुटक्यांखेरीज कोणाला तो चालविताच येत नाही, हे खरे नव्हे. साठीच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे आपल्या पलटणींतल्या धिप्पाड जाट, शीख, राजपूत जवानांनी तेच रणगाडे चालविले. १९७१ च्या डिसेंबरात छांबच्या लढाईत टी-५४ आणि टी-५५ घेऊन ते लढले, आणि मुनावर तवी नदीच्या अलीकडे शत्रूला त्यांनी पाय रोवू दिला नाही. मावण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो मावल्यावर पाठीचे आणि गुडघ्यांचे काय होते, याचा.

दुसरी आख्यायिका अधिक भीषण आहे. टी-७२ मध्ये तोफेत गोळा भरायला माणूस नसतो, यंत्र असते. हे यंत्र म्हणे गोळ्याबरोबर शेजारच्या जवानाचा हातही तोफेत कोंबते! यावर काका हसले. म्हणाले, “तोफेच्या बाजूला संरक्षक पत्रा असतो. हात घालायचाच म्हटला तर उसाच्या चरकातही जातो.” मग जरा थांबून ते म्हणाले, “हात गेला नाही, सर. चौथा माणूस गेला.”

त्या चार शब्दांत सारे आले. टी-५५ मध्ये चौघे असत. टी-७२ मध्ये यंत्राने एकाची जागा घेतली आणि तिघे उरले. लढाईत तिघे पुरतात. पण लढाई काही चोवीस तास चालत नाही. निखळलेला पट्टा चढविणे, तेल भरणे, गोळे आत घेणे, रात्री आळीपाळीने पहारा देणे ही कामे उरतातच. यंत्र गोळा भरते. पहारा देत नाही. चौघांची झोप तिघांत वाटायची म्हणजे काय, हे घरात दुखणे असलेल्या कोणाही गृहस्थाला सांगावे लागणार नाही.

टी-५५ मधली बैठक तर मी काकांकडून पाटावर रांगोळीचे ठिपके मांडून समजावून घेतली. चालक पुढे डावीकडे. तोफेच्या डाव्या अंगाला गोलंदाज, आणि त्याच्या पाठीमागे इतका खेटून कमांडर, की याचे गुडघे त्याच्या पाठीला लागावेत. उजव्या अंगाला गोळा भरणारा. गोळा साधारण तीस किलोंचा, म्हणजे तांदळाचे मोठे पोते. आणि तो वाकून, हेलकावे खात, डाव्या हाताने तोफेत सारायचा. यावरूनच ‘रशियन लोक डावखुरे शोधून आणतात’ ही आणखी एक आख्यायिका निघाली असावी. काका उजव्याच हाताने जेवतात.

इतकी अडचण कोणी मुद्दाम का करील? सोव्हिएत कारागीर काही माणूसघाणे नव्हते. १९४१ साली जर्मनांनी त्यांचे हजारो रणगाडे मोडून टाकले होते. पुढच्या वेळी पुष्कळ हवेत, लवकर हवेत, आणि शत्रूला दिसायला कठीण हवेत, हा धडा त्यांनी घेतला. रणगाडा ठेंगणा केला की पोलाद कमी लागते, वजन घटते, आणि साध्या गडग्याआडही तो लपू शकतो. इंग्रजांचा सेंच्युरियन जवळपास तीन मीटर उंच, पन्नास टनांचा; टी-५५ सुमारे २.४ मीटर उंच, छत्तीस टनांचा. हिशेब चोख होता. सेंच्युरियनमध्ये मात्र इंग्रजांनी चहाचे पाणी तापविण्याचीसुद्धा सोय करून ठेवली होती!

पण फुकट काहीच मिळत नाही. छत ठेंगणे, म्हणून तोफेची मागची बाजू आत फारशी वर उचलता येत नाही. म्हणून तोंड फारसे खाली वळत नाही. सेंच्युरियनची तोफ दहा अंश खाली वळते, टी-५५ ची जेमतेम पाच. रशियाच्या सपाट मैदानात हे खपून जाते. आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर उभे राहून खाली खाडीकडे नेम धरायचा, तर टी-५५ ला पार कड्याच्या टोकाशी येऊन अंग उघडे टाकावे लागेल.

ऐसपैस जागेने लढाया जिंकता येतात, असेही नव्हे. १९६५ साली असल उत्तरला पाकिस्तानचे प्रशस्त पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या शेतांत रुतले आणि आपल्या जुन्या रणगाड्यांनी व तोफांनी ते टिपले. सोय म्हणजे विजय नव्हे. पण गैरसोय म्हणजे शौर्यही नव्हे, आणि घोटाळा होतो तो इथे. अवघडलेला, घामाने निथळणारा, अपुरी झोप झालेला माणूस शत्रूला उशिरा पाहतो. माणसाची सोय ही चैन नसते. तीही त्या यंत्राचाच एक भाग असते.

हे एवढे दूरचेही नाही. आपल्या नव्या सदनिकांतले स्वयंपाकाचे ओटे पाहा. सगळ्या इमारतीत एकाच उंचीचे. एकीला वाकावे लागते, दुसरीला टाचा उंचवाव्या लागतात, आणि संध्याकाळी दोघींचीही पाठ धरते. ओटा बांधताना तिथे उभी राहणार कोण, हे ना गवंड्याने विचारले, ना घरमालकाने. मग ‘आमच्या आईला कामाची सवयच आहे’ ही घरोघरची आख्यायिका तयार होते. सवयीची स्तुती केली की गैरसोय दिसेनाशी होते.

काकांनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. २००१ साली करार होऊन टी-९० रणगाडे आपल्याकडे आले. राजस्थानच्या उन्हात पोलादाची भट्टी होते, आणि त्या भट्टीत जवान वर्षानुवर्षे बसत आले होते. पण टी-९० मधली रात्री पाहण्याची नाजूक दुर्बीण त्या उष्म्याने बिघडू लागली, तेव्हा वातानुकूलनाचा विचार जोराने सुरू झाला.

“दुर्बिणीला उकडत होतं, सर,” काका म्हणाले.

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. दुर्बीण महाग असते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण दुर्बीण बिघडली की तशी नोंद होते. माणूस बिघडत नाही. तो सोसतो, आणि त्याचे सोसणे कोणत्याच वहीत उतरत नाही. म्हणून एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, किंमत ठरविणाऱ्या प्रत्येकाने, मग ती वस्तू रणगाडा असो की स्वयंपाकाचा ओटा, निदान एक दुपार तिच्या आत काढावी. गणित बहुधा तेच राहील. फक्त खर्चाच्या बाजूला आणखी एक रकमेचा आकडा पडेल.